केरू मेस्त्रींचे कान

रुपाली : आता?

केरू : आता काय, बंद केलास ना मिक्सर.

रुपाली : तुला काय काय ऐकू येतंय तेवढंच सांग.

केरू : तुझा आवाज. स्वच्छ, शेजारी बसून बोलल्यासारखा. आधी दोन सेकंद घरघर झाली, मग तू बंद केलास.

रुपाली : मामा, मी बंद नाही केला. अजून चालू आहे. माझा हात झाकणावर आहे आणि मामी दारात उभी राहून माझ्याकडे बघतेय, हिला काय झालंय म्हणून.

केरू : चेष्टा नको करू गो.

रुपाली : शप्पथ.

(केरू मेस्त्री मिरकरवाडा बंदरातल्या आपल्या इंजिन-दुरुस्तीच्या गाळ्यात, फोन कानाला लावून. भाची रुपाली वरच्या आळीत, त्यांच्याच घरच्या स्वयंपाकघरात. सकाळचे साडेनऊ.)

रुपाली : मामा? आहेस ना?

केरू : हाय. म्हणजे गेले.

रुपाली : काय गेले?

केरू : कान. दुसरं काय. लोक बोलत होते ते खरंच म्हणायचं. ठेव फोन.

रुपाली : ठेवू नकोस आणि गाळ्यातून हलू पण नकोस. मी खाली येते. पाच मिनिटं.

केरू : ये. मी कुठे जातोय.

रुपाली : आले. हुश्श.

केरू : धावत कशाला आलीस? त्या जाळ्यांत पाय अडकून पडली असतीस.

रुपाली : तू शटर ओढून घेशील म्हणून. सात महिन्यांनी उघडलंय, परत बंद व्हायला नको. आता मी मामीला फोन लावते, स्पीकरवर. मिक्सर ती चालवणार. तू ऐक, मी पण ऐकते.

केरू : मी ऐकून काय उपयोग.

रुपाली : ऐक तर. मामी, लाव मिक्सर. आणि बोलत राहा, काहीही बोल.

केरू : ते तिला सांगायला लागत नाय.

रुपाली : गप्प. ही बघ, आली घरघर. आणि... गेली.

केरू : गेली.

रुपाली : मला पण गेली. मी सव्वीस वर्षांची आहे. माझे पण कान गेले का?

केरू : तुझ्या मामीनं, हौसानं बंद केला असेल.

रुपाली : मामी, मिक्सर चालू आहे का गं? ऐकलंस काय म्हणाली?

केरू : ऐकलं. भांडं तापलंय, खोबऱ्याचं तेल निघायची वेळ आली, आता तुम्ही येऊन वाटा म्हणाली.

रुपाली : म्हणजे चालू आहे.

केरू : चालू हाय. मग आवाज जातो कुठे?

रुपाली : आपण ज्यावरून फोन करतो ते अ‍ॅप पुसून टाकतं. त्याला शिकवलंय तसं. माणूस बोलतोय ते ठेवायचं, आणि एकसारखा चालणारा आवाज, म्हणजे पंखा, मिक्सर, रस्त्यावरच्या गाड्या, तो कचरा म्हणून काढायचा. दोन सेकंद ऐकतं, ठरवतं आणि पुसतं.

केरू : इंजिन पण?

रुपाली : इंजिन तर सगळ्यात आधी.

केरू : इंजिन कचरा.

रुपाली : त्याच्या लेखी.

केरू : मग रितेशनं बोटीवरनं फोन केला तेव्हा...

रुपाली : तेच सांगायचंय मला तुला. कधीपासून.

केरू : थांब, मला बोलू दे. शिमग्याच्या आदल्या आठवड्यात त्याचा फोन आला. आवाज खणखणीत. मी म्हटलं, फोन इंजिनाजवळ धर. म्हणाला, धरलाय. मी ऐकलं तर ठोका नाय, काय नाय. मला वाटलं, बघ, किती मऊ चाललंय. सांगितलं, हळूहळू ये, काय होत नाय.

रुपाली : ते पुसलेलं इंजिन होतं मामा.

केरू : जयगड खाडीच्या तोंडाशी इंजिनाचा ब्लॉक फोडून रॉड बाहेर आला. त्याच्या खलाशाच्या, रामाच्या पायाची दोन बोटं गेली. पोरगा अजून बोटीवर चढलेला नाय.

रुपाली : माहितीय. पण आता कळलं ना चूक कोणाची ती. फोनची.

केरू : फोनची कशी? फोनवर विश्वास मी ठेवला. चाळीस वर्षं डिसमिसचं टोक इंजिनाला आणि मूठ कानामागच्या हाडाला लावल्याशिवाय मी कुणाला जा म्हटलं नाय. त्या दिवशी घरात बसल्या बसल्या म्हटलं. ते फोनच्या नावावर कसं टाकू?

रुपाली : नको टाकूस. पण कान गेले असं पण नको म्हणू.

केरू : बघू.

रुपाली : सागरला काय सांगू? कालपासून चार वेळा फोन झाला त्याचा.

केरू : सागर कुठला, आवडाबाईचा?

रुपाली : हो. त्यांची बोट जयगडच्या खाडीत आहे. बर्फ भरलाय, आठ माणसं तयार. एकच्या भरतीला निघायचंय. इंजिनाचा आवाज बदललाय म्हणतो, काय बदललंय ते सांगता येत नाही. तिथल्या मेस्त्रीनं बघितलं, चालेल म्हणाला. पण आवडाबाई ऐकत नाही. केरूला ऐकवल्याशिवाय बोट काढायची नाही म्हणतेय.

केरू : आवडाबाई हट्टी. आता मी जयगडला पोचेपर्यंत बारा वाजणार. आणि पोचून तरी काय, इंजिनाच्या खणात उतरायला गुडघे कोण देणार?

रुपाली : म्हणून तर फोनवरून. पण पुसणाऱ्या फोनवरून नाही.

केरू : रेकॉर्ड करून पाठव म्हण की त्याला. सोपं काम.

रुपाली : मला पण आधी तेच वाटलं. चालेल तुला?

केरू : नाय चालणार. बोललो मी, पण नाय चालणार. डॉक्टर म्हणतो खोक, श्वास घे, सोड. मला रेस दे म्हणायला लागतं, सोड म्हणायला लागतं, आणि म्हटल्याबरोबर काय होतं ते ऐकायला लागतं. कालचा खोकला ऐकून काय कळणार?

रुपाली : मग मी शोधलंय ते बरोबर शोधलंय. चार दिवस हेच करतेय, कंपनीच्या धड्यांचे आवाज एडिट करायचे सोडून. तीन अटी होत्या. तेव्हाच्या तेव्हा ऐकू आलं पाहिजे. काहीही पुसलं नाही पाहिजे. आणि फुकट पाहिजे, कारण खलाशाच्या फोनवर टाकायचं तर त्याच्याकडे कोण पैसे मागणार.

केरू : फुकटचं घेतलं की रडत बसायला लागतं.

रुपाली : उलटंय. विकतच्या दोन अ‍ॅपमध्ये पुसणं बंदच करता येत नव्हतं. कंपनी म्हणते, तुमच्या भल्यासाठी. फुकटचं जे मी घेतलंय त्याचं झाकण उघडता येतं. आतला प्रत्येक खटका दिसतो, पाहिजे तो बंद.

केरू : झाकण उघडत नाय ते इंजिन मी कधी हातात घेतलं नाय. दाखव.

रुपाली : पहिलं हे घेतलं होतं. चांगलं आहे, पण सुरुवातीला असं लावलेलं होतं की कोणी बोललं तरच दार उघडतं. इंजिन बोलतंय हे त्याला पटेचना. दुसऱ्यात सगळं होतं, पण आवाज दीड सेकंद मागे. तू म्हणणार सोड, तो सोडणार, आणि तू ऐकणार आधीचं.

केरू : मग भांडण लागेल.

रुपाली : हे तिसरं. माझ्या फोनवर आहे, मामीच्या पण सकाळीच टाकून ठेवलंय. हे हेडफोन घाल. तारेचेच. बिनतारी घातले की त्यात आणखी उशीर होतो. आणि बाहेरचं जरा कमी ऐकू येईल, बर्फाचा कारखाना ओरडतोय. मामी, परत लाव गं. शेवटचं. खरंच शेवटचं.

केरू : ...अरे.

रुपाली : आला?

केरू : आला. जात नाय. बोलू नको जरा. हौसाला सांग, भांडं काढ आणि खालचा रबराचा कपलर बघ. झिजलाय. एका बाजूला दात गेलेत, फिरताना घसरतोय.

रुपाली : मामी, कपलर बघ. भांड्याच्या खाली, काळा. ...मामा, एका बाजूचे तीन दात नाहीत म्हणते.

केरू : मागल्या महिन्यापासून वाटण जाडं होतंय. मला वाटलं हिचा हात बिघडला.

रुपाली : तिला ऐकू गेलं ते.

केरू : जाऊ दे. ह्यात काय पुसत नाय, नाय का? लाव सागरला.

रुपाली : हॅलो सागर? मामाच्या फोनवरून स्पीकरवर बोलतेय. तुझा फोन तू बोलायला ठेव. तुझ्या खलाशाच्या, गुणाजीच्या फोनवर मी पाठवलेलं अ‍ॅप टाकलंस ना?

सागर : टाकलं. तू म्हणालीस तसं इयरफोनचा माईक लांब डिसमिसला चिकटपट्टीनं बांधलाय आणि वर फडकं गुंडाळलंय. गुणाजी विचारतोय, इंजिनाला ताप आलाय काय. मेस्त्री हायत?

केरू : हाय रे मेल्या. इंजिन चालू हाय?

सागर : चालू हाय. आणि मेस्त्री, एक सांगतो, बॅटरी बसलेली हाय. बंद नका करायला सांगू. बंद केलं तर परत घेईल ह्याचा भरवसा नाय, आणि भरती गेली की आजचा दिवस गेला.

केरू : बघू. डिसमिस पंपाजवळ टेकव. रेस देऊ नको, आहे तसं चालू दे.

रुपाली : आलं. मामा, तुझ्या कानात पण येतंय ना? एकाच तारेतून दोन फाटे काढलेत, मी ऐकते तेच तू.

केरू : येतंय. काय भरदार येतंय गो. थांब. हे काय? चढतंय, बसतंय. चढतंय, बसतंय. सागर, तुझं इंजिन झुलतंय. गव्हर्नर गेला. पंप उघडायला लागणार.

सागर : झुलत नाय मेस्त्री. काटा समोर हाय माझ्या, आठशेवर चिकटलेला.

केरू : मला ऐकू येतंय ना.

सागर : माझ्या पायाखाली हाय इंजिन. झुललं तर मी झुललो असतो.

केरू : ...काढ गो हे. परत तेच. परत मी कुणालातरी चुकीचं सांगतोय.

रुपाली : मामा, काढू नकोस. झुलतंय ते मला पण ऐकू येतंय. त्याच्या काट्यावर झुलत नाही आणि आपल्या दोघांच्या कानात झुलतंय. म्हणजे वाटेत कोणीतरी झुलवतंय. बहुतेक मीच.

केरू : तू काय केलंस?

रुपाली : कॉम्प्रेसर लावलाय.

केरू : हवेचा?

रुपाली : आवाजाचा. इंजिनाचे मोठे आवाज कान फोडतात आणि त्यांच्या मागचे बारीक आवाज दबून जातात. म्हणून मी एक रेघ ठरवून दिली. आवाज रेघेच्या वर गेला की तो दाबायचा, खाली आला की सोडायचा. मग सगळंच थोडं वर उचलायचं, म्हणजे बारीक आवाज पण वर येतात.

केरू : वर गेला की दाबायचा, खाली आला की सोडायचा.

रुपाली : हो.

केरू : अगो, मग हा गव्हर्नरच. आवाजाचा गव्हर्नर. इंजिन पळायला लागलं की वजनं बाहेर फेकली जातात आणि इंधन कमी होतं, मंदावलं की परत मिळतं. हेच काम.

रुपाली : तेच. अगदी तेच.

केरू : मग चूक कळली. गव्हर्नर माझ्याच कानात बसलाय आणि मी त्याच्या इंजिनात शोधतोय. तुझी वजनं जड झालीत. कुठूनतरी धक्का येतोय आणि त्या धक्क्याला तो सगळंच दाबतोय, इंजिनासकट. मग सावकाश सोडतोय. सागर, शेजारी बोट लागलीय का?

सागर : लागलीय की. टायर मधे टाकलेत, तरी आपटतेय. तुम्हाला कसं कळलं?

केरू : दर आपटीला तुझं इंजिन बसतंय इथे. रुपाली, वजनं हलकी कर. एवढ्याशा धक्क्याला दाबू नको म्हणाव. आणि दाबलंच तर लगेच सोड.

रुपाली : रेघ वर घेते. दाब अर्ध्यावर आणते. सोडायची वेळ कमी करते. आता?

केरू : अजून थोडं.

रुपाली : आता?

केरू : बस. हात काढ. सरळ चाललंय बघ. आपट वेगळी, इंजिन वेगळं. शाबास.

रुपाली : हे विकतच्यात नसतं करता आलं.

केरू : कळलं गो, तुझं फुकटचं चांगलं. सागर, आता एकेका सिलिंडरवर डिसमिस टेकव. एक नंबरपासून, दहा दहा मोजून.

सागर : हा एक नंबर.

केरू : बरा हाय. पुढे.

सागर : दोन.

केरू : पुढे.

सागर : तीन.

केरू : थांब इथे. जरा रेस दे. सोड. परत दे. सोड. बरा हाय, नोझल थोडी घाण हाय, परत आलास की साफ करू. पुढे.

सागर : चार. पाच. सहा.

केरू : हळू रे, भाजी विकतोस काय. सहावर परत ये. हां. खाली बेअरिंगच्या बाजूला लाव. रेस दे. सोड.

रुपाली : मामा, तू हसतोयस.

केरू : हसू नको तर काय करू? सात महिने झाले. मला वाटलं परत हे ऐकायलाच मिळणार नाय. बघ ना, सहाच्या सहा वेगळे ऐकू येतात मला, घरातल्या माणसांसारखे. ठोका नाय सागर. बेअरिंग बरी आहेत. तुला उगाच...

रुपाली : एक मिनिट. सांगू नकोस अजून.

केरू : काय?

रुपाली : मी हे आवळून मागवतेय. जयगडला रेंज कशी असेल माहीत नव्हतं, म्हणून आकार बारीक ठेवला होता.

केरू : म्हणजे परत दाबलंस?

रुपाली : हे दाबणं निराळं. मघाचं मोठा-लहान आवाज सारखा करायचं. हे सगळा आवाज लहान पेटीत बसवायचं, म्हणजे नेटवरून लवकर पोचतो. ओपस नावाची एक फुकटची पद्धत आहे त्याची. पेटी लहान दिली की ती काही काही टाकून देते.

केरू : काय टाकते?

रुपाली : पेटीत मासा बसला नाही तर तू आधी काय कापतोस?

केरू : शेपटी.

रुपाली : हे पण शेपटी कापतं. वरचे बारीक, टोकाचे आवाज. माणसाच्या बोलण्याला ते फारसे लागत नाहीत. आता रेंज चांगली आहे, पेटी मोठी करते. शेपटीसकट ऐकू आणि मग सांग.

केरू : कर. मला काय वेगळं वाटत नाय पण. तसंच चाललंय.

रुपाली : मामा.

केरू : काय गो?

रुपाली : ही शिट्टी कसली?

केरू : कुठली शिट्टी?

रुपाली : ही. बारीक. सगळ्याच्या वर, डासासारखी.

केरू : नाय बा.

रुपाली : आत्ता आहे. आत्ता, आत्ता चालू आहे. मी हेडफोन बदलते, तू माझे घाल, तुझे दे.

केरू : घातले. नाय. शिट्टी नाय. तुझ्या यंत्राची असेल.

रुपाली : माझ्या यंत्राची असती तर पेटी लहान असताना पण राहिली असती. हे बघ, पडद्यावर पण दिसतेय, ही वरची रेघ. सागर, डिसमिस बाजूला घे. ...गेली. परत लाव. ...आली.

सागर : मला तर काय ऐकू येत नाय. इथे डोकं फुटतंय आवाजानं. काय झालं मेस्त्री? निघू का?

केरू : थांब. रुपाली, मला नीट सांग. मी विचारतो तेवढंच सांग, आपलं काय मिसळू नको. सागर, थोडी रेस दे.

रुपाली : वाढली. वर चढली.

केरू : रेसबरोबर लगेच चढली की मागाहून?

रुपाली : जरा मागाहून. इंजिन आधी, ती नंतर.

केरू : सोड सागर. आता?

रुपाली : उतरतेय. पण इंजिन उतरल्यावर पण ती थोडी राहते.

केरू : सागर, तुझं इंजिन टर्बोवालं ना? डिसमिस पुढे ने, धुराड्याच्या बाजूला, टर्बोच्या घरावर. हात सांभाळ, तापलेलं असेल.

रुपाली : मोठी झाली. कान दुखतोय माझा.

केरू : दोन गोष्टी असतील. एक, जोडातलं गॅस्केट. तिथून धूर बाहेर पडतोय आणि शिट्टी वाजतेय. असेल तर जा, आल्यावर बदलू. दुसरी, टर्बोच्या, म्हणजे धुरावर फिरणाऱ्या पंख्याच्या शाफ्टचं बेअरिंग. ते असेल तर बाहेर गेल्यावर शाफ्ट तुटणार, तेल पेटत्या धुरात जाणार, आणि आठ माणसं बर्फावर बसून आग बघणार.

रुपाली : कसं कळणार कुठलं ते?

केरू : इंजिन बंद करून. गॅस्केट असेल तर इंजिन थांबलं की शिट्टी त्याच क्षणी थांबेल. शाफ्ट असेल तर तो स्वतःच्या जोरानं थोडा वेळ फिरतच राहणार आणि शिट्टी मागे रेंगाळणार.

सागर : मेस्त्री, बंद नाय करणार मी. सांगितलं ना बॅटरीचं. नुसतं आवाजावरनं सांगा ना. तुमचे कान पुरे आहेत आम्हाला. मघाशी शेजारची बोट ओळखलीत इथे न येता. तुम्ही शिट्टी ऐकलीत ना? मग सांगा, तुम्हाला काय वाटतं, जाऊ की नको?

रुपाली : मामा...

केरू : सागर, मी शिट्टी ऐकली नाय.

सागर : म्हणजे?

केरू : ऐकू येत नाय मला. एवढी बारीक येत नाय, आता कळलं. फोन पण खराब होता त्या वेळी, ते खरं, आणि हे पण खरं. खालचं सगळं ऐकतो, वरचं माझ्या हातातनं गेलंय. शिट्टी रुपालीनं ऐकली. मी तिला विचारून सांगतोय.

सागर : मेस्त्री, ती घरात बसून धड्यांचे आवाज कापते. तिच्या कानावर मी बर्फ वितळवू?

केरू : व्हय. तिच्या कानावर. माझ्या एकट्याच्या कानावर रामानं बोटं घालवली.

सागर : भरती थांबणार नाय मेस्त्री.

केरू : पटत नसेल तर जा. मी अडवणार नाय. पण मी हां म्हटलं असं आवडाबाईला सांगू नको.

सागर : रुपाली, तुला नक्की ऐकू येतेय?

रुपाली : नक्की. आत्ता पण येतेय.

सागर : गुणाजी, डिसमिस दाबून धर. हलवू नको. बोला मेस्त्री, कसं बंद करू?

केरू : थोड्या रेसवर ठेव आणि तिथेच बंद कर. एरवी असं करायचं नसतं, आज कर. आणि नंतर कुणी बोलायचं नाय. गुणाजीला पण सांग, खोकू नको.

सागर : करतो. एक, दोन... केलं.

केरू : रुपाली?

रुपाली : इंजिन थांबलं.

केरू : ते कळलं मला. ती?

रुपाली : आहे. अजून आहे. रेंगाळतेय. खाली उतरतेय, जाडी होत चाललीय...

केरू : गप्प जरा.

रुपाली : काय झालं?

केरू : आली. आता मला पण आली.